दोन कामं, पॉइंट्स एकाचेच

५६ झेल, १,०७६ यार्ड, १२ टचडाउन. १९६१ साली शिकागो बेअर्सकडून आयुष्यातला पहिला व्यावसायिक मोसम खेळणाऱ्या माइक डिट्काचे हे आकडे. तेव्हा मोसमात सामने असायचे १४. पुढे ते १६ झाले, मग १७ झाले. नियम बदलले, पास फेकणं हाच अमेरिकन फुटबॉलचा मुख्य धंदा होऊन बसला. तरीही पहिल्या वर्षाच्या एकाही टाइट एंडला डिट्काचे यार्ड ओलांडता आले नाहीत. ओलांडले ते २०२४ साली, ब्रॉक बावर्स नावाच्या पोराने. मध्ये ६३ वर्षं गेली.

या ६३ वर्षांत अमेरिकेत मूळ खेळाच्या शेजारी दुसरा एक खेळ वाढत गेला: फँटसी फुटबॉल. न्यू जर्सीत किंवा बे एरियात तुमचं कुणी मराठी नात्यातलं असेल आणि ऑफिसातल्या लीगमध्ये अडकलेलं असेल, तर ऑगस्टमध्ये त्याला फोन करून बघा. डोक्यात एकच चक्र चालू असतं, कुणाला उचलायचं आणि कितव्या फेरीत. त्यातला दरवर्षीचा अवघड प्रश्न म्हणजे कॉलेजातून नुकताच आलेला, बावीस वर्षांचा, सगळीकडे गाजावाजा झालेला टाइट एंड. घ्यावा की न घ्यावा? या प्रश्नाकडे लोक यंदाचे आकडे घेऊन बघतात. माझं म्हणणं, मागचे बघा. उत्तर पुष्कळसं तिथेच आहे.

आधी टाइट एंड म्हणजे कोण, ते. चेंडू ज्यांच्या ताब्यात असतो त्या संघाचे पाच धिप्पाड गडी मधोमध ओळीत उभे राहतात. त्यांचं काम समोरच्याला अडवणं. दूर कडेला असतात वाइड रिसीव्हर, म्हणजे पळणारे आणि झेलणारे. टाइट एंड उभा राहतो त्या पाच जणांच्या ओळीच्या टोकाला, तिला खेटून. म्हणून 'टाइट'. एका चालीत तो एकशेवीस किलोच्या माणसाला छातीने मागे रेटतो, आणि पुढच्या चालीत त्याच माणसाला चकवून वीस यार्डांवर जाऊन चेंडू झेलतो. एरवी दोन वेगळ्या शरीरांची असलेली कामं इथे एकाच माणसाकडे.

आणि फँटसी म्हणजे काय, ते आपल्याकडे समजावून सांगायची गरज फारशी नाही. २००८ साली मुंबईत सुरू झालेल्या ड्रीम इलेव्हनने क्रिकेटच्या निमित्ताने ते घरोघर पोचवलंय. ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायचं बंद झालं, पण कॅप्टन-व्हाइस कॅप्टनचा हिशेब अजून सगळ्यांना तोंडपाठ आहे. अमेरिकन लीगमध्ये फरक एवढाच की एक खेळाडू एकाच संघाला मिळतो. मैदानात दोन कॅप्टन आळीपाळीने भिडू मागून घेतात तसं दहा-बारा जण आळीपाळीने खेळाडू उचलतात, आणि तुम्ही घेतलेला दुसऱ्या कुणाला मिळत नाही. प्रत्येकाला निदान एक टाइट एंड उतरवावाच लागतो, आपल्याकडे निदान एक विकेटकीपर घ्यावा लागायचा तसा. वरच्या क्रमांकावर फलंदाजी करणारा कीपर हाती लागला की कसं वाटायचं ते आठवा. चांगले टाइट एंड कुठल्याही वर्षी चार-पाचच असतात, बाकीचे सगळे एका माळेचे मणी. म्हणून पुढचा मोठा टाइट एंड इतरांच्या आधी ओळखणाऱ्याची चांदी होते. 'डायनॅस्टी' नावाच्या प्रकारात तर घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षं तुमच्याकडेच राहतो. तिथे बावीस वर्षांच्या पोराची किंमत म्हणजे त्याच्या पुढच्या दहा वर्षांची किंमत.

*

या खेळाचा जन्म पराभवातून झाला. १९६२ साली ओकलंड रेडर्स हा संघ १४पैकी १३ सामने हरला. त्याच मोसमात पूर्व किनाऱ्याच्या दौऱ्यावर असताना, संघात छोटी भागीदारी असलेला बिल विंकेनबाख, संघाचा एक प्रसिद्धी अधिकारी आणि स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर स्कॉटी स्टर्लिंग यांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसून एका खेळाचे नियम लिहिले. आपला संघ हरतोच आहे, तर निदान इतरांचे खेळाडू आपले मानून जिंकावं, असा काहीसा तो मामला. पुढच्या वर्षी, १९६३च्या ऑगस्टमध्ये, विंकेनबाखच्या घरी आठ संघांची लीग भरली. नाव होतं ग्रेटर ओकलंड प्रोफेशनल पिगस्किन प्रॉग्नॉस्टिकेटर्स लीग. नावातच थट्टा आहे. पहिला उचलला गेलेला खेळाडू होता जॉर्ज ब्लांडा, क्वार्टरबॅक आणि किकर.

त्या नियमांत टाइट एंडला स्वतंत्र जागा नव्हती. 'ऑफेन्सिव्ह एंड' अशा चार जागा होत्या, त्यात कडेला उभा राहणाराही आला आणि ओळीला खेटून उभा राहणाराही. हिशेबही मुख्यतः टचडाउन आणि फील्ड गोल अशा गुण मिळवून देणाऱ्या चालींवरच चालायचा. यार्ड मोजणं पुढे आलं, प्रत्येक झेलाला एक पॉइंट द्यायची पद्धत त्याहून पुढे. या बदलांना मी इतकं महत्त्व देतोय त्याला कारण आहे. खेळाडू तोच, मोसम तोच, आणि किंमत मात्र नियमाप्रमाणे वेगळी.

चार जण घेऊ, चौघांचाही पहिला मोसम. डिट्का, १९६१: आकडे वर दिलेत. काइल पिट्स, २०२१: ६८ झेल, १,०२६ यार्ड, १ टचडाउन. सॅम लापोर्टा, २०२३: ८६ झेल, ८८९ यार्ड, १० टचडाउन. बावर्स, २०२४: ११२ झेल, १,१९४ यार्ड, ५ टचडाउन.

ओकलंडच्या जुन्या पद्धतीने फक्त टचडाउन मोजले तर डिट्का पहिला, लापोर्टा त्याच्या जवळ, बावर्स निम्म्यावर आणि पिट्स जवळजवळ शून्य. आता दहा यार्डांना एक आणि टचडाउनला सहा पॉइंट्स लावा. डिट्का १७९.६, बावर्स १४९.४, लापोर्टा १४८.९. म्हणजे बावर्स आणि लापोर्टा यांच्यात अख्ख्या वर्षात अर्ध्या पॉइंटचा फरक. मग प्रत्येक झेलाला एक पॉइंट जोडा. बावर्स उडी मारून २६१.४वर जातो आणि लापोर्टा २३४.९वर राहतो. गंमत म्हणजे डिट्का तिथे २३५.६वर उभा असतो, तेही तीन सामने कमी खेळून. तरुण टाइट एंड घेऊ का, असं कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, तुमच्या लीगचे नियम काय? लोकांना हा फाटा फोडणं वाटतं.

आणि टचडाउनचा भरवसा कमी. यार्ड आणि झेल वर्षागणिक बऱ्यापैकी टिकतात, कारण ते खेळाडूकडे चेंडू किती वेळा फेकला जातो यावर ठरतात. टचडाउन गोलरेषेजवळच्या मोजक्या चालींवर ठरतात, तिथे नशिबाचा वाटा मोठा. लापोर्टाचे १० टचडाउन दुसऱ्या वर्षी ७ झाले, झेल ८६वरून ६०वर आले. तो काही वाईट खेळाडू झाला नव्हता. पण २०२४च्या ऑगस्टमध्ये त्याला पहिल्या क्रमांकाचा टाइट एंड म्हणून घेणाऱ्यांनी दहा टचडाउन गृहीत धरून पैसे मोजले होते. उलट बाजूला पिट्स. १,०२६ यार्ड आणि एकच टचडाउन, तोही लंडनमध्ये झालेल्या सामन्यात. तेव्हा सगळे म्हणाले, आता टचडाउन वाढणारच. गणित म्हणून हे बरोबर होतं. पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी वेळेबद्दल.

*

वाइड रिसीव्हर पहिल्या-दुसऱ्या वर्षी चमकतात. टाइट एंडला वेळ लागतो, कारण त्याला दोन नोकऱ्या शिकायच्या असतात. कॉलेजात जो सगळ्यांपेक्षा दांडगा असतो, त्याच्या समोर इथे तीस वर्षांचे, रोज हेच करणारे बाप्ये उभे असतात. अडवता येत नसेल तर प्रशिक्षक मैदानात उतरवत नाही, आणि मैदानात नसलेल्याला झेल कुठून मिळणार? शिवाय प्रत्येक चालीत ओळीतल्या पाच जणांची भाषाही त्याला कळली पाहिजे आणि झेलणाऱ्यांचीही.

टोनी गोन्झालेझ १९९७ साली तेरावा निवडला गेला. पहिल्या वर्षी ३३ झेल. दुसऱ्या वर्षी हातातून निसटलेल्या चेंडूंसाठी त्याने भरपूर शिव्या खाल्ल्या. तिसऱ्या वर्षी ७६ झेल आणि ११ टचडाउन. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १,३२५ झेल होते, टाइट एंडमध्ये सर्वाधिक. व्हर्नन डेव्हिस २००६ साली सहावा निवडला गेला, पहिल्या वर्षी २० झेल. २००८मध्ये प्रशिक्षक माइक सिंगलटरीने त्याला चालू सामन्यातून ड्रेसिंग रूममध्ये हाकलला. एव्हाना फँटसीवाल्यांनी त्याचं नाव टाकलं होतं. २००९मध्ये त्याने १३ टचडाउन केले. ट्रॅव्हिस केल्सीचं पहिलं वर्ष तर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत गेलं. टेलर स्विफ्टचा नवरदेव म्हणून तो तुम्हाला माहीत असेल, पण त्याआधी २०१६ ते २०२२ अशी सलग सात वर्षं त्याने हजार यार्ड पार केलेत. असं त्या जागेवर दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

म्हणजे थांबणाऱ्याला फळ मिळतं. पण थांबायचं किती, हे कुणी सांगत नाही, आणि लीग चालू असते. तुमच्या यादीतली एक जागा तीन वर्षं अडकून पडते. मला वाटतं तरुण टाइट एंडचा सगळ्यात दुर्लक्षित धोका हाच. तो चमकतो, पण तुम्ही कंटाळून सोडल्यावर, दुसऱ्याच्या संघात.

याच्या उलट फसगतही होते. टी. जे. हॉकेनसन, २०१९, आठवा निवडला गेलेला. पहिल्याच सामन्यात १३१ यार्ड आणि एक टचडाउन. पदार्पणात कुठल्याही टाइट एंडने इतके यार्ड केले नव्हते. त्या रविवारी रात्री ज्यांनी त्याच्यासाठी चांगले खेळाडू देऊन सौदे केले, त्यांना उरलेल्या वर्षात मिळून २३६ यार्ड मिळाले. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. हॉकेनसन पुढे खरंच चांगला खेळाडू झाला, पण त्या सौद्यांना त्याचा काय उपयोग?

*

आता पिट्स. २०२१ साली अटलांटा फाल्कन्सने त्याला चौथा उचलला. इतक्या वर कुठलाही टाइट एंड कधी निवडला गेलेला नाही. उंची, वेग, हात, सगळं जमून आलेलं. पहिल्याच वर्षी हजार यार्ड, डिट्कानंतर असं करणारा पहिलाच. डायनॅस्टी लीगमध्ये त्याच्यासाठी लोकांनी घरदार विकायचं बाकी ठेवलं.

मग २०२२च्या मार्चमध्ये अटलांटाने आपला जुना क्वार्टरबॅक मॅट रायन इंडियानापोलिसला देऊन टाकला. त्याच्या जागी आधी मार्कस मारिओटा, मग नवखा डेस्मंड रिडर. प्रशिक्षक आर्थर स्मिथला चेंडू घेऊन धावणं आवडायचं, त्यामुळे त्या वर्षी अटलांटा लीगमध्ये सर्वांत कमी पास टाकणाऱ्या संघांपैकी एक होता. पिट्स मैदानात असायचा, मोकळाही असायचा, आणि चेंडू एक तर यायचा नाही किंवा डोक्यावरून जायचा. २८ झेल, ३५६ यार्ड, आणि नोव्हेंबरमध्ये गुडघा. पुढची दोन वर्षं ६६७ आणि ६०२ यार्ड. ना तो वर्षभर बाहेर बसला, ना पहिल्या वर्षाच्या जवळ फिरकला.

फँटसीत हा प्रकार दुखापतीपेक्षा महाग पडतो. खेळाडू जखमी झाला की तुम्ही दुसरा उतरवता, दुःख होतं पण निर्णय सोपा असतो. धडधाकट असलेला, मोठ्या नावाचा, महागात घेतलेला खेळाडू दर रविवारी चार पॉइंट्स देतो तेव्हा त्याला बसवायचा धीर होत नाही. पुढच्या आठवड्यात होईल, या आशेवर तीन वर्षं निघून जातात. लोक गुडघ्याचे एमआरआय वाचत बसतात आणि क्वार्टरबॅक कोण आहे ते बघत नाहीत.

फक्त क्वार्टरबॅकवर खापर फोडूनही चालत नाही, हे मान्य करायला हवं. कारण बावर्सच्या पहिल्या वर्षी लास वेगासकडे चेंडू फेकायला गार्डनर मिन्श्यू होता, एडन ओकॉनेल होता, आणि काही काळ तोच डेस्मंड रिडर होता. संघ १७पैकी ४ सामने जिंकला. तरी बावर्सचे ११२ झेल झाले, पहिल्या वर्षाच्या कुठल्याही जागेवरच्या खेळाडूचा विक्रम. फरक कुठे होता? ऑक्टोबरमध्ये संघाने आपला मोठा रिसीव्हर दावान्ते अ‍ॅडम्स न्यूयॉर्क जेट्सला देऊन टाकला, त्यामुळे चेंडू द्यायला दुसरा भरवशाचा माणूस उरला नाही. आणि संघ सतत मागे असायचा, मागे असलेला संघ पास टाकतो. दुबळा संघ म्हणजे वाईट फँटसी, हे समीकरण टाइट एंडच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. दुबळ्या संघातला एकमेव माणूस असणं परवडतं.

मात्र ती एकमेवता कुठून आली ते बघायचं. २०१७ साली न्यूयॉर्क जायंट्सचा एका रविवारी निकाल लागला: ओडेल बेकहॅम ज्युनियरचा घोटा मोडला, ब्रँडन मार्शलही त्याच सामन्यात गेला. उरलेल्या वर्षात चेंडू पहिल्या वर्षाच्या इव्हान एंग्रमकडे वळला आणि त्याने ७२२ यार्ड, ६ टचडाउन केले. पुढच्या वर्षी बेकहॅम परत आला, एंग्रम ५७७ यार्डांवर आणि ३ टचडाउनवर आला. एंग्रमचं पहिलं वर्ष दुसऱ्यांच्या मोडलेल्या हाडांवर उभं होतं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये बाजाराने ते त्याचं स्वतःचं समजून मोजलं.

*

रॉब ग्रोन्कोव्स्कीबद्दल मात्र सगळ्यांना शरीराचीच भीती होती, अगदी फुटबॉल संघांनाही. पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे कॉलेजातलं २००९चं अख्खं वर्ष त्याने बाहेर काढलं, म्हणून २०१०च्या निवडीत तो घसरत बेचाळिसाव्या क्रमांकावर न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या हाती लागला. पहिल्या वर्षी १० टचडाउन. दुसऱ्या वर्षी ९० झेल, १,३२७ यार्ड आणि १७ टचडाउन. पासवर केलेल्या टचडाउनचा टाइट एंडमधला तो विक्रम.

तिसऱ्या वर्षी, १८ नोव्हेंबर २०१२ला, इंडियानापोलिसविरुद्ध पेट्रियट्स ५९-२४ असे जिंकले. त्या सामन्यात त्याचा हात मोडला. कधी, तर टचडाउननंतरच्या एका पॉइंटसाठी किक मारली जाते तेव्हा. निकाल ठरलेला होता. ग्रोन्कोव्स्की ओळीत उभा राहून किक मारणाऱ्यासाठी समोरच्याला अडवत होता. जानेवारीत तोच हात पुन्हा मोडला. २०१३च्या डिसेंबरमध्ये झेल घेतल्यावर गुडघ्यावर धडक बसली आणि अस्थिबंध तुटला. २०१६मध्ये पुन्हा पाठ.

फँटसीच्या पाटीवर त्या अडवण्याचे किती पॉइंट्स? शून्य. टाइट एंड दिवसभर जे दुसरं काम करतो त्याला तिथे मोजमापच नाही. पण धडका त्याच कामात जास्त. रिसीव्हरला कमी वेळा, वेगात धडक बसते. टाइट एंडला तीही बसते, आणि ओळीतली रोजची रेटारेटीही वाट्याला येते. केलेन विन्स्लो, १९८०च्या आसपास सॅन दिएगोचा, ज्याने या जागेला रिसीव्हरसारखं वापरता येतं हे दाखवून दिलं. पहिल्याच वर्षी त्याचा पाय मोडला. १९८०मध्ये १,२९० यार्ड. जानेवारी १९८२मध्ये मायामीत जादा वेळेपर्यंत लांबलेल्या सामन्यात १३ झेल, वर एक किक अडवली, आणि शेवटी सहकाऱ्यांच्या खांद्यावरून बाहेर. १९८४मध्ये गुडघा गेला. १९८७नंतर तो खेळला नाही.

जॉन मॅकीचं नाव इथे यायलाच हवं. बाल्टिमोर कोल्ट्सने त्याला १९६३ साली निवडलं, ओकलंडमध्ये फँटसीची पहिली लीग भरली त्याच वर्षी. डिट्कासोबत आधुनिक टाइट एंड घडवणारा हा दुसरा माणूस. तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. खेळाडूला संघ बदलू न देणाऱ्या नियमाविरुद्धच्या खटल्याला त्याचंच नाव आहे, आणि १९७६मध्ये तो नियम कोर्टात टिकला नाही. आपली किंमत आपण ठरवू द्या, एवढीच मागणी. पुढे त्याला स्मृतिभ्रंश झाला. त्याची बायको सिल्व्हिया हिने लीगच्या आयुक्तांना पत्र लिहून या आजाराचा खर्च काय असतो ते कळवलं. त्यानंतर माजी खेळाडूंच्या स्मृतिभ्रंशावरच्या उपचारांसाठी लीग आणि संघटनेने योजना सुरू केली, सुरुवातीला वर्षाला ८८,००० डॉलरपर्यंत. आकडा त्याच्या जर्सीवरून घेतला, योजनेचं नावच '८८ प्लॅन'. २०११मध्ये मॅकी गेला. तपासणीत त्याच्या मेंदूत वारंवार बसलेल्या धडकांशी जोडला जाणारा आजार, सीटीई, सापडला.

*

टाइट एंड या दोन शब्दांची किंमत एकदा लवादापुढे ठरली आहे, आणि तो निकाल फँटसी खेळणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असं मला वाटतं.

जिमी ग्रॅहम मूळचा बास्केटबॉलपटू. कॉलेजात फुटबॉल खेळला एकच वर्ष. न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून २०११मध्ये १,३१० यार्ड, २०१३मध्ये १६ टचडाउन, त्या वर्षी पास झेलून केलेले लीगमधले सर्वाधिक. फँटसीत तो पहिल्या फेरीत जायचा, आणि कारण उघड होतं. तो बहुतेक वेळा रिसीव्हरसारखा ओळीपासून दूर उभा राहायचा, रिसीव्हरइतके पॉइंट्स करायचा, पण यादीत त्याच्या नावापुढे 'टाइट एंड' लिहिलेलं असायचं. टाइट एंडच्या जागेत रिसीव्हर मिळणं म्हणजे कीपरच्या जागेत सलामीवीर मिळण्यासारखं.

२०१४मध्ये सेंट्सने त्याला लीगच्या नियमानुसार एक वर्ष रोखून ठेवलं. अशा खेळाडूचा पगार त्या-त्या जागेवरच्या सर्वाधिक पगारांवरून ठरतो. टाइट एंड असेल तर सुमारे ७०.५ लाख डॉलर, वाइड रिसीव्हर असेल तर सुमारे १.२३ कोटी. ग्रॅहम म्हणाला, मी उभा कुठे राहतो ते मोजा, मी रिसीव्हर आहे. लवाद होते पेनसिल्वेनिया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक स्टीफन बर्बँक. २ जुलै २०१४ला त्यांनी निकाल दिला: टाइट एंड. ओळीपासून चार यार्डांच्या आत उभा असतो तेव्हा तो टाइट एंडच. निकालात इतर गोष्टींबरोबर एका पुराव्याची दखल होती. ट्विटरवर त्याने स्वतःची ओळख टाइट एंड अशीच दिली होती.

दोन शब्दांनी पन्नास लाख डॉलरहून जास्त गेले. ज्या शब्दांमुळे आपल्यासाठी तो सोन्याचा तुकडा होता, त्याच शब्दांमुळे मालकासाठी तो स्वस्त होता. त्याच महिन्यात त्याने चार वर्षांचा ४ कोटींचा करार केला, आणि पुढच्या मार्चमध्ये सेंट्सने त्याला सिअ‍ॅटलला देऊन टाकलं. तिथे त्याच्याकडून अडवण्याचं कामही अपेक्षित होतं. ११ सामन्यांत २ टचडाउन, नोव्हेंबरमध्ये गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. संघ बदलला की टाइट एंडचं नेमकं कुठलं काम वाढणार, हे विचारायचं ते यासाठी.

*

मग बावर्सचं काय? जन्म डिसेंबर २००२चा. म्हणजे वय बाजूने आहे. संघ रेडर्स, तोच विंकेनबाखचा, फक्त ओकलंडहून आता लास वेगासला गेलेला. पहिल्या वर्षी टचडाउन ५च होते, म्हणजे आकडे नशिबाने फुगलेले नव्हते. झेलांवर उभी असलेली किंमत टचडाउनवर उभ्या असलेल्या किमतीपेक्षा पक्की, हे लापोर्टाने दाखवलंय. पहिल्या वर्षानंतर प्रशिक्षक गेला, पीट कॅरल आला, क्वार्टरबॅकही बदलला, आणि २०२५च्या पहिल्याच सामन्यात बावर्सचा गुडघा दुखावला. तो काही आठवडे तसाच खेळत राहिला, मग तीन सामने बाहेर बसला. परत आला त्या सामन्यात १२ झेल आणि ३ टचडाउन.

गुडघ्याची बातमी आली तेव्हा डायनॅस्टीवाल्यांत धावपळ उडाली, आणि काहींनी त्याला पडत्या भावात विकला. मी असतो तर त्या आठवड्यात विकत घेतला असता, आणि नंतर रोज सकाळी दुसरीच बातमी शोधली असती: संघ नवा मोठा रिसीव्हर आणतोय का, आणि नवा प्रशिक्षक बावर्सला ओळीला खेटून किती वेळा उभा करणार आहे.